निळ्यातले नऊ

मुलीने कोलंबसला घर घेतलं आणि त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या फोनवर तिने मला दोन रंगांची नावं सांगितली. अ‍ॅक्सेसिबल बेज आणि अ‍ॅग्रिएबल ग्रे. "आई, दोन्ही सारखेच दिसतात, आणि तरी मला ठरवता येत नाहीये." मी म्हटलं, सारखेच आहेत तर चिठ्ठी टाक आणि मोकळी हो. अडीच महिन्यांनी मी तिच्याकडे पोचले, तेव्हा बैठकीच्या भिंतीवर दोन कार्डं चिकटपट्टीने लावलेली होती. एकाचा कोपरा सुटून लोंबत होता. निर्णय झालेला नव्हता.

नावं ऐकून मला आधी हसू आलं. एक 'सहज जमणारा', दुसरा 'सगळ्यांना पटणारा'. स्थळं सुचवणाऱ्या मावशीने ठेवावीत अशी नावं. दोन्ही रंग शेरविन-विल्यम्सचे. ही कंपनी क्लीव्हलंडची, म्हणजे ओहायोतलीच, १८६६ सालापासूनची. घर विकायला काढण्याआधी किंवा नव्याने राहायला जाण्याआधी अमेरिकेत भिंतींना जे रंग सर्रास दिले जातात, त्यांत या दोघांचा नंबर फार वर लागतो. म्हणजे माझ्या मुलीसारख्या कितीतरी घरांत हीच दोन कार्डं भिंतीवर लोंबत असणार.

मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. दोन गोष्टी सारख्या आहेत आणि वेगळ्याही आहेत असं कुणी म्हणालं, की मला आकडे लागतात. इथे ते तयारच होते. पडद्यावर रंग दाखवायचा तर तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश किती किती घ्यायचे हे ० ते २५५ या मापात सांगतात, आणि कंपनी आपल्या प्रत्येक रंगाचे असे तीन आकडे देते. बेजचे आहेत २०९, १९९, १८४. ग्रेचे २०९, २०३, १९३.

तांबडा दोघांत तंतोतंत तेवढाच. हिरव्यात चारचा फरक, निळ्यात नऊचा. घरात तीन महिने चाललेला वाद एवढ्याचा होता.

पण या आकड्यांना थोडं अजून पिळलं तर रस निघतो. तिन्ही आकडे सारखे असते तर रंग निव्वळ राखाडी झाला असता. निळा जितका खाली उतरेल तितका पिवळेपणा वर येतो. बेजमध्ये तांबडा आणि निळा यांच्यात २५ चं अंतर आहे, ग्रेमध्ये १६ चं. आता तो पिवळा लिंबाकडे झुकलेला की नारिंगीकडे, हे हिरवा या दोघांच्या मध्ये कुठे बसतो त्यावर ठरतं. बेजमध्ये तो २५ पैकी १५ पायऱ्या वर आहे, ग्रेमध्ये १६ पैकी १०. भागाकार केला तर ०.६० आणि ०.६२. म्हणजे दोघांतला पिवळा एकाच जातीचा, किंचित नारिंगीकडे वळलेला. फरक फक्त प्रमाणाचा, साधारण दीडपट. एकाच पातेल्यातलं वरण दोन वाट्यांत काढलं, एकीत चिमूटभर हळद घातली आणि दुसरीत दीड चिमूट, असं हे प्रकरण आहे. एकाला बेज म्हटलं आणि दुसऱ्याला ग्रे म्हटलं म्हणून ते दोन वेगळ्या घराण्यांतले वाटतात. प्रत्यक्षात ग्रेसुद्धा उबदारच आहे, फक्त कमी बोलतो.

या घराण्याला इंग्रजीत नाव आहे 'ग्रेज', ग्रे आणि बेज यांची मोट बांधून केलेलं. बेज हा फ्रेंच शब्द मुळात न रंगवलेल्या लोकरीसाठी होता. आणि कापडाच्या धंद्यात मागावरून उतरलेल्या, अजून न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडालाही ग्रेजच म्हणतात. इचलकरंजीच्या बाजारात असंच कोरं कापड 'ग्रे' या नावाने विकलं जातं. ते राखाडी मुळीच नसतं, मांजरपाटासारखं पिवळसर असतं. तिथला व्यापारी आणि माझी मुलगी एकाच शब्दाभोवती फिरत होते असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे या पट्ट्यात मोतिया, बदामी, बिस्किटी, मातकट असे शब्द आहेत, आणि सगळ्यात प्रामाणिक शब्द आहे मळखाऊ. अमेरिकन कंपनीला तो सुचला असता तरी तिने कार्डावर छापला नसता.

निळा कमी म्हणजे पिवळा जास्त, हे आपल्या घरांना नवं नाही. आमच्या वाड्यात दिवाळीआधी चुन्याचा हात मारायचे, तेव्हा बादलीत थोडी नीळ टाकायचे. नुसता चुना वाळल्यावर किंचित पिवळट दिसतो. नीळ नेमका तो पिवळा-नारिंगी भाग शोषून घेते, तेवढी भिंत खरं तर काळवंडते, पण डोळ्याला ती जास्त पांढरी वाटते. ग्रेजवाले याच्या उलटं करतात. ते पिवळेपणा काढून टाकत नाहीत, तो किती ठेवायचा ते मोजून ठरवतात.

पांढऱ्या डब्याचा ग्रेज कसा होतो, हे मी दुकानात उभी राहून पाहिलं. मूळ रंगात पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्यात यंत्र थेंब थेंब रंगद्रव्यं सोडतं. अशा मातकट रंगांसाठी बहुधा काळा, तांबूस मरून आणि गडद सोनेरी-पिवळा असे तिघे पुरतात. तपकिरी म्हणून वेगळं काही लागत नाही, तो या तिघांच्या भांडणातून तयार होतो. काळा आणि पिवळा एवढेच एकत्र आले तर रंग हिरवटतो, कुणाही चित्रकाराला हे ठाऊक असतं. तो हिरवटपणा मारायला तांबूस लागतो. तांबूस कमी पडला तर भिंत हिरवी झाक मारते, जास्त झाला तर गुलाबी. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर प्रमाण औंसाच्या १२८ व्या भागापर्यंत दिलेलं असतं. म्हणजे पाव मिलीलिटरहूनही थोडं कमी, आणि ते पावणेचार लिटरच्या डब्यात. मुलीला मी म्हटलं, या चिठ्ठीचा फोटो आत्ताच काढून ठेव. पाच वर्षांनी भिंतीवर ओरखडा उठेल तेव्हा डब्यावरची शाई उडालेली असेल.

कार्डाच्या पाठीमागे आणखी एक आकडा होता. तो भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी डोळ्याला जाणवेल असा किती भाग परत येतो ते सांगतो. संपूर्ण काळ्याला ० आणि संपूर्ण पांढऱ्याला १००. बेजचा ५८, ग्रेचा ६०. दोनचा फरक डोळ्याला कळत नाही, तेव्हा 'ग्रे घेतला तर खोली उजळ होईल' हा मुद्दा मी वादातून काढून टाकला. तुलना करायची तर चौकटींना द्यायच्या प्युअर व्हाइट नावाच्या पांढऱ्याशी करावी, त्याचा आकडा ८४. उजेड खोलीत एकदाच आपटून थांबत नाही, भिंतीवरून भिंतीवर उड्या मारतो. ८४ च्या भिंतींवर तीन उड्या मारल्यावर तो ५९ टक्के उरतो. ५८ च्या भिंतींवर उरतो जेमतेम २० टक्के. पांढऱ्याच्या जवळपासचे रंग देणाऱ्या आपल्या लोकांना अमेरिकन बैठका दुपारीसुद्धा झोपाळू वाटतात, त्यामागे हा गुणाकार आहे.

हाच गुणाकार रंगालाही लागू होतो, आणि कार्ड फसवतं ते इथेच. पडद्याचे आकडे सरळ टक्केवारीत नसतात, ते आधी उलगडावे लागतात. उलगडून पाहिलं तर बेजची भिंत तांबड्या प्रकाशातला साधारण ६४ टक्के परत पाठवते आणि निळ्यातला ४८ टक्के. ग्रे तांबड्यातला तेवढाच, निळ्यातला ५३ टक्के. म्हणजे एका उडीनंतर बेजकडून येणारा निळा प्रकाश तांबड्याच्या पाऊणपट, ग्रेकडून येणारा ८४ टक्के. दुसऱ्या उडीनंतर हेच आकडे ५७ आणि ७० होतात. तिसऱ्या उडीनंतर ४२ आणि ५८. कार्डावर उजेड एकदाच आपटतो. खोलीत, विशेषतः दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, तो पुन्हा पुन्हा आपटतो आणि दर खेपेला पिवळा अधिक दाट करतो. हे हिशेब ढोबळ आहेत, खऱ्या खोलीत छत पांढरं असतं, सामान असतं. तरी दिशा हीच. 'कार्डावर इतका छान राखाडी होता, भिंतीवर एवढा पिवळा कसा झाला?' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या उड्यांमध्ये असतं, रंग कालवणाऱ्याच्या हातात नसतं.

एवढं सगळं मी कागदावर मांडून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, "मग बेज नको, तो फारच पिवळा होणार." गणितावरून घाईने निघालेला निष्कर्ष. कारण अजून खिडकी हिशेबात आलेली नव्हती.

तिची बैठक उत्तरेकडे तोंड करून आहे. कोलंबस ४० अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. पुण्यात मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो, त्यामुळे आपल्या उत्तरेच्या खिडकीलाही उन्हाचा थोडा वाटा मिळतो. कोलंबसमध्ये दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो आणि डिसेंबरात तर क्षितिजापासून जेमतेम साडेसव्वीस अंश वर येतो. उत्तरेच्या खिडकीतून तिथे येतो तो मुख्यतः आकाशाचा उजेड, आणि निरभ्र आकाशाचा उजेड निळसर असतो. बर्फ पडलं की तोच उजेड जमिनीवरून उसळून छतावर जातो. म्हणजे खिडकी बादलीत नीळ टाकते आहे. ग्रेकडे १६ अंकांची ऊब आहे, त्यातली बरीचशी या निळीत विरून जाते आणि उरतो खरोखरचा राखाडी. बेजकडे २५ आहेत. त्यातलेही जातात, पण शिल्लक राहते. निळ्यातल्या त्या नऊ अंकांचा उपयोग इथे होतो.

स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे ऊन खिडकीतून तिरकं शिरून पार मागच्या भिंतीपर्यंत येतं. तिथे ग्रे ठेवला तर दुपारी तो बेजसारखा दिसतो, आणि बेज ठेवला तर सरळ बिस्किटासारखा. एकाच घरात, एकाच दिवशी, दोन्ही कार्डं एकमेकांची सोंगं घेत होती. दोन खोल्यांत दोन कार्डं धरून आम्ही एकमेकींना हाका मारून रंग सांगत होतो. जावई लॅपटॉपमागून बघत होते, आणि त्यांनी शहाणपणाने तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी दिवे लागले की खिडकीचं राज्य संपतं. मुलीच्या घरी सगळे दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जातीचे, त्यांत निळा भाग मुळातच कमी. त्यांच्याखाली दोन्ही रंग पिवळसर होतात आणि एकमेकांच्या जवळ येतात. डोळाही गप्प बसत नाही, पाच-दहा मिनिटांत त्या पिवळ्या उजेडालाच पांढरा मानायला लागतो. म्हणून रात्री आठ वाजता रंग पसंत करू नये असं माझं मत आहे. त्या वेळी सगळेच रंग चांगले वाटतात.

आता जमीन. या घरात ओक लाकडाची फरशी आहे, मधासारख्या नारिंगी झाकेची, आणि ती बदलायला मुलीकडे पैसे नाहीत. माझ्या मते पहिल्या दिवशीच बघायची गोष्ट ही होती. दोन कार्डं एकमेकांशेजारी धरून तीन महिने बघण्यात त्यांनी चूक केली, कारण ती दोन भिंतीवर कधीच एकमेकांशेजारी राहणार नव्हती. भिंत राहणार होती फरशीशेजारी.

शेजार रंग बदलतो, ही गोष्ट नीट मांडली मिशेल युजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. तो पॅरिसच्या गोब्लँ या विणलेल्या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तेव्हा काळा नीट चढलेला होता, दोष शेजारी विणलेल्या रंगांचा होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठं पुस्तकच काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, प्रत्येक रंग दुसऱ्याच्या विरुद्ध टोकाकडे ढकलला जातो. नारिंगीच्या विरुद्ध टोकाला निळा असतो. तेव्हा मधाळ फरशीवर उभी राहिलेली ग्रेची भिंत निळसर, कधी किंचित जांभळट दिसणार, आणि उत्तरेचा उजेड त्यात भर घालणार. मुलीला कार्डावर कधीमधी जांभळी झाक दिसायची आणि ती स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायची. डोळे ठीक होते.

बेजला हीच फरशी थोडी राखाडीकडे ढकलते, आणि त्याला ते झेपतं.

मग आम्ही नमुने नीट केले. दोन्ही रंगांचे लहान डबे आणले, दोन-दोन फुटांचे जाड पुठ्ठे घेतले, प्रत्येकाला दोन हात दिले. पहिला हात दिल्यावर बघून हळहळायचं नाही, कारण ओला इमल्शन रंग दुधट असतो आणि वाळल्यावर गडद होतो. भिंतीवरच पट्टे का नाही मारले? कारण आधीची भिंत झगझगीत पांढरी होती, आणि तिच्यावर कुठलाही ग्रेज मळका आणि गडदच दिसतो. शेव्रलच पुन्हा. पुठ्ठा फरशीला टेकवून उभा करता येतो, खिडकीशेजारी नेता येतो, खिडकीसमोरच्या भिंतीवर नेता येतो, सोफ्यामागे ठेवता येतो. दोन पुठ्ठे पुस्तकासारखे काटकोनात उभे केले तर कोपरा तयार होतो आणि त्या उड्यांचा खेळ डोळ्यांनी बघता येतो. कोपऱ्याच्या आत बेज लगेच दाटला, ग्रे कमी दाटला. माझी त्रैराशिकं खरी ठरल्याचा आनंद मला झाला, तो इतर कुणाला झाला नाही. शेजारी एक कोरा पांढरा कागद धरला की झाक कुठे वळते आहे तेही कळतं, कारण कागद डोळ्याला त्याचं मूळ माप परत देतो.

चार दिवस पुठ्ठे घरात फिरत होते. बैठकीला बेज ठरला, त्यात कुणाला शंका राहिली नाही. स्वयंपाकघराचा ओटा पांढऱ्या दगडाचा, त्यात थंड राखाडी रेघा, आणि बाहेर दक्षिणेचं ऊन. तिथे ग्रे. पण अमेरिकेतल्या या घरांना मध्ये भिंत नसते, बैठक वाहत वाहत स्वयंपाकघरात जाते, तेव्हा एक रंग थांबून दुसरा कुठे सुरू करायचा हा प्रश्न आलाच. आतल्या कोपऱ्यात. तिथे दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे एकच रंग दिला तरी त्या दोन रंगांच्या वाटतात. एवढे जवळचे दोन रंग तिथे मिळाले तर पाहुण्याला पत्ता लागत नाही. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर मात्र हे करू नये, तिथे कडेवर रेघ उठून दिसते आणि घर घाईत आवरल्यासारखं वाटतं. चमक अगदी कमी ठेवली. जास्त चमकीच्या भिंतीत खिडकी आणि बाहेरची हिरवळ दिसायला लागते, आणि एवढ्या कष्टाने निवडलेला रंग त्याखाली हरवतो.

बेजचा पुठ्ठा मला आवडला होता. त्याचा वीतभर तुकडा कापून बॅगेत घातला आणि पुण्याला आणला, आपल्याही बैठकीला तोच देऊ म्हणून. संध्याकाळी तो भिंतीला टेकवला आणि ट्यूब लावली. ट्यूब ६५०० केल्विनची, आपल्याकडे घरोघरी असते तशी. समोर उभा होता एक दमलेला, पोलिसी खाकीकडे झुकलेला तुकडा. ओहायोतल्या २७०० केल्विनखाली मी जो रंग आवडून घेतला होता, तो इथे कुठेच नव्हता.

दुकानात यंत्रावर तुकडा मोजून आपल्याकडच्या कंपनीत जुळवून देतात. तेही करून पाहिलं. दुकानातल्या दिव्याखाली जोडी हुबेहूब जमली. घरी खिडकीत आणली तर नवा नमुना जरा हिरवट. दोन कंपन्यांची रंगद्रव्यं वेगळी, त्यामुळे एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात फुटू शकतात, हे मी वर्गात कितीदा शिकवलं होतं. आमचे पेंटर पुठ्ठ्याचा तुकडा हातात घेऊन दारापाशी गेले, मग आत आले, मग परत दारापाशी गेले.

"मॅडम," ते म्हणाले, "कलर बिस्किटीच आहे. तुम्ही या खोलीत दिवसा बसता की रात्री?"